इष्टूर फाकड्याची समाधि : एका रूढ विधानाची चिकित्सा

वडगांव-मावळ येथें पोलीस ठाण्याच्या आवारांत एक समाधि दाखविण्यांत येते. ती इष्टूर फाकड्याची होय, असें तेथील लोक परंपरेनें सांगत आले आहेत, व तिला मानही देतात. इष्टूर फाकडा म्हणजे मुंबईकर इंग्रजांच्या फौजेंतील कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा अंमलदार. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्याकरितां जी फौज घाट चढून आली तींत हा आघाडीस होता; आणि ता. ४ जानेवारी १७७९ रोजीं, म्हणजे शके १७०० विलंबीनाम संवत्सरीं पौषाच्या वद्य पक्षांत, कार्ल्यानजीक मराठ्यांच्या तोफेचा गोळा लागून तो पडला. येथपर्यंत वाद नाहीं. वाद उत्पन्न होतो तो यापुढील एका लहानशा वाक्यापाशीं. तें वाक्य असें कीं, त्यास वडगांव येथें पुरलें. हें विधान इतक्या निःशंकपणें एकाच्या लेखांतून दुसऱ्याच्या लेखांत उतरत आलें आहे कीं, त्यास आधार काय हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. तोच प्रश्न येथें विचारावयाचा आहे.

कोणी म्हणेल, एका परकीय कप्तानाचीं हाडें कार्ल्यास पडलीं कीं वडगांवास, यानें इतिहासांत काय फरक पडतो? मोहिमेच्या निकालांत कांहींच पडत नाहीं. परंतु आपल्या प्रांतांत ख्रिस्ती स्मशानाबाहेर उघड्या रानांत, किल्ल्याच्या तटाखालीं, रस्त्याच्या कडेस युरोपियनांचीं थडगीं म्हणून दाखविलीं जाणारीं अनेक बांधकामें आहेत. त्यांचा विचार कोणत्या रीतीनें करावा हें या एका उदाहरणावरून ठरतें. म्हणून थोडा विस्तार करितों.

प्रथम ख्रिस्ती लोकांच्या रीतीचा विचार करूं. इंग्लंडांत प्रत्येक गांवच्या देवालयाभोंवतीं जें आवार असतें तें बिशपाच्या हस्तें पवित्र केलेलें असतें, व गांवांतील मृतांस तेथें पुरण्याचा प्रघात. जो त्या आवारांत पुरला गेला त्याचें नांव व दिवस पाद्र्याच्या वहींत चढतो. जो बाहेर राहिला, तो बहुधा वहीबाहेरही राहिला. बाहेर राहण्याचीं कारणें मात्र एका जातीचीं नसत. आत्मघात करणाऱ्याचें प्रेत चव्हाट्यावर पुरून त्यांतून खुंट मारण्याची रीत होती. ती १८२३ च्या कायद्यानें बंद झाली. तरी त्यानंतरही अशा प्रेतास आवारांत जागा मिळावयाची ती रात्रीं ९ ते १२ च्या दरम्यान, व धर्मविधीवांचून. क्वेकर पंथाचे लोक आपलीं स्मशानें निराळीं राखीत. राजमान्य धर्मपंथाशीं न पटणाऱ्यांसाठीं लंडनांत बनहिल फील्ड्स ही भूमि होती. जॉन बनियन १६८८ त, डॅनियल डिफो १७३१ त व विल्यम ब्लेक १८२७ त तेथें पुरले गेले. आणि बर्मिंगहॅमचा प्रसिद्ध मुद्रक जॉन बास्करव्हिल, ज्याच्या खिळ्यांचें सौंदर्य ग्रंथसंग्राहकांस ठाऊक आहे, त्यानें पवित्र भूमीवर आपला विश्वास नाहीं म्हणून स्वतःच्या बागेंतच थडगें करविलें. १७७५ त तो तेथें गेला. पुढें जागा विकली गेली, धक्का बांधण्यासाठीं खणती झाली, आणि १८२१ त त्याची पेटी पुन्हा उजेडांत आली. आवाराबाहेरच्या प्रेताचें भवितव्य असें असतें. शिक्षा, मतभेद, स्वतःची इच्छा आणि निव्वळ अडचण, या चारांपैकीं कोणत्या कारणानें मनुष्य बाहेर राहिला हें कळल्यावांचून त्याच्या थडग्याचा अर्थ लागत नाहीं.

हिंदुस्थानांत या व्यवस्थेचें मूळच सैल होतें. येथें इंग्रजी धर्मपंथाचा पहिला बिशप मिडल्टन याची नेमणूक १८१४ सालीं झाली. मुंबईच्या किल्ल्यांतील सेंट टॉमसचें देवालय १७१८ त उघडलें, तें यथाविधि पवित्र झालें १८१६ त. म्हणजे कॅप्टन स्टुअर्ट पडला त्या वेळीं सबंध पश्चिम किनाऱ्यावर, त्याच्या पंथाच्या कायद्यानें काटेकोर पाहिलें तर, पवित्र केलेली अशी भूमि नव्हतीच. सुरतेस इंग्रज वखारवाल्यांनीं शहराबाहेर आपलें स्मशान केलें होतें. तेथें क्रिस्तोफर ऑक्झिन्डन (मृत्यु १६५९) व त्याचा बंधु सर जॉर्ज (मृत्यु १६६९) यांची घुमटांची दुमजली इमारत आहे. दुरून पाहणारास ती एखाद्या मोगल अमिराचा मकबरा वाटावी. सर जॉर्ज तोच, ज्यानें १६६४ त शिवाजी महाराजांच्या स्वारीच्या वेळीं वखार राखली. परंतु त्या इमारतीवर लॅटिन लेख आहे, नांव आहे, साल आहे. तिजविषयीं लोक काय म्हणतात यावर आपल्यास अवलंबून रहावें लागत नाहीं. वडगांवास आपल्या हातीं आहे ती लोकांची वाणी. ती वाणी खोटी असें आमचें म्हणणें नाहीं. ती नेमकें काय म्हणते तें आपण नीट ऐकलेलें नाहीं, एवढेंच म्हणणें आहे.

आतां तारखा व ठिकाणें एकापुढें एक मांडूं. मुंबईची फौज नोव्हेंबर १७७८ त निघाली. स्टुअर्टानें ग्रेनेडियर पलटणीच्या निवडक कंपन्यांसह पुढें होऊन बोरघाट हस्तगत केला व तो खंडाळ्यास ठाण मांडून राहिला. मागून मुख्य फौज आली. सुमारें ३,९०० लढाऊ लोक आणि १९,००० बैल, असा तो पसारा होता. कर्नल एगर्टनकडे सेनापतित्व, पण त्याच्या डोक्यावर कारनाक व मास्टीन यांची कमिटी. पैकीं मास्टीन आजारी होऊन मुंबईस परतला व १ जानेवारी १७७९ रोजीं मरण पावला. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचें सुमारें आठ मैलांचें अंतर तोडण्यास या फौजेस अकरा दिवस लागले. आमच्या पंढरीच्या दिंड्या याहून त्वरेनें जातात! त्या मुदतींत मराठ्यांचे लोक पुढें, मागें व दोन्ही बगलांस राहून तिला टोंचीत होते. ३१ डिसेंबर रोजीं लेफ्टनंट कर्नल के यास प्राणघातक जखम झाली. ४ जानेवारीस कार्ल्यानजीक स्टुअर्ट पडला. एगर्टनची प्रकृति बिघडून कर्नल कॉकबर्नकडे अधिकार गेला. ९ तारखेस फौज तळेगांवास पोहोंचली, तों गांव जाळून ओसाड केलेला. ११ च्या रात्रीं जड तोफा तळ्यांत लोटून व सामान जाळून तिनें माघार घेतली. १२ रोजीं मराठ्यांनीं तिला चोहोंकडून घेरलें. ती कशीबशी वडगांवांत शिरली. आणि १६ तारखेस तेथें तह झाला.

कार्लें व वडगांव यांत बारा-तेरा मैलांचें अंतर आहे. वडगांव हें तळेगांवच्या अलीकडे, म्हणजे कार्ल्याहून येणारास तळेगांवापूर्वीं लागतें. तेव्हां स्टुअर्टास वडगांवास पुरलें असेल, तर दोनच प्रसंग संभवतात. एक, फौज पुढें जात असतां ८-९ तारखेच्या सुमारास, म्हणजे मृत्यूनंतर चार-पांच दिवसांनीं. दुसरा, ती परत फिरून वडगांवांत कोंडली गेली तेव्हां, म्हणजे निदान आठ दिवसांनीं. दोहोंचा विचार करूं.

पहिल्या पक्षाचा कैवार घेणारे म्हणतील कीं, फौजेबरोबर इतके बैल होते, एक प्रेत नेण्यास काय अडचण? अडचण वाहनाची नव्हे, प्रयोजनाची आहे. प्रेत पुढें न्यावयाचें तें कोठें? ४ तारखेस या फौजेस पुण्यास जावयाचें होतें. वडगांव हें तिच्या दृष्टीनें वाटेवरचें एक खेडें. तेथें आपल्यास नाक घासून तहावर सही करावी लागणार हें त्या दिवशीं कोणास ठाऊक होतें? वडगांवाचें महत्त्व १६ तारखेनंतरचें आहे. तें ४ तारखेच्या मनुष्यांच्या बुद्धींत घालणें म्हणजे उत्तरकालीन ज्ञान पूर्वकालावर लादणें होय. बरें, मुंबईस परत पाठवावयाचें म्हटलें तर तें उलट दिशेस. शिवाय आपल्या हवेंत युरोपियन लोक प्रेत त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं पुरीत, हें कोणत्याही जुन्या स्मशानाच्या वहीवरून दिसेल. शत्रु सभोंवतीं असतां तर अधिकच घाई. इंग्रजी शाळांतून एके काळीं चार्ल्स वुल्फ याची सर जॉन मूरच्या दफनावरील कविता पाठ करून घेत. आम्हीही ती अनेक वर्षें शिकविली. कवितेंतील अलंकार सोडून दिले तरी मूळ घटना तीच : स्पेनांत कोरुन्ना येथें १६ जानेवारी १८०९ रोजीं सेनापति मूर पडला, व सैन्य गलबतांवर चढण्याच्या गडबडींत असल्यामुळें त्यास तेथल्याच तटावर पेटीवांचून, अंगावरील डगल्यासह, घाईनें पुरलें. त्यास स्वदेशीं नेण्यास बंदरांत गलबतें हजर असूनही नेलें नाहीं. मग कार्ल्याच्या माळावरील एका कप्तानाचें प्रेत पांच दिवस बैलावर हिंडविलें हें कसें मानावें?

दुसरा पक्ष तर बोलण्याच्याही पलीकडचा आहे. ज्या फौजेनें आपल्या जड तोफा तळ्यांत टाकल्या, जिला १२ तारखेस आपले जखमी सांभाळणें मुष्कील झालें, ती आठ दिवसांचें प्रेत घेऊन मागें आली असें म्हणणें युक्तीस सोडून आहे.

तिसरी एक वाट उरते : पुढें केव्हां तरी, इंग्रजी अंमल बसल्यावर, हाडें कार्ल्याहून काढून वडगांवास आणलीं असतील. असें घडणें अशक्य नाहीं. परंतु ज्याला हें म्हणावयाचें असेल त्यानें हुकूम, खर्चाची कलम किंवा समकालीन उल्लेख पुढें ठेविला पाहिजे. संभव हा पुरावा नव्हे. न्यायशास्त्राचें पहिलें पान वाचलेल्यासही हें ठाऊक असतें.

मग वडगांवची परंपरा खोटी ठरली काय? येथेंच आमच्या मतें आजवरच्या लेखकांची खरी चूक आहे. परंपरा 'पुरलें' असें म्हणतच नाहीं. ती म्हणते, 'समाधि'. या शब्दाकडे अंमळ लक्ष द्यावें.

संस्कृतांत समाधि म्हणजे चित्ताची एकाग्रता, योगाचें आठवें अंग. संन्याशाच्या देहास अग्निसंस्कार नाहीं. त्याचें शरीर भूमींत ठेवितात, आणि तो मेला नसून समाधिस्थ झाला या भावनेनें त्या स्थानासही लोकभाषेंत समाधि म्हणूं लागले. असें भूमींत ठेवणें आमच्यांत इतर प्रसंगींही आहेच. मनु व याज्ञवल्क्य या दोघांनींही दोन वर्षांखालील बालकास न जाळतां पुरण्यास सांगितलें आहे. आणि आश्वलायनाच्या गृह्यसूत्रांत दहनानंतर अस्थि कुंभांत घालून तो खड्ड्यांत ठेवण्याचा विधि आहे. फार काय, ज्या 'श्मशान' शब्दानें आज आपल्यास चिता आठवते, त्याचा शतपथब्राह्मणाच्या तेराव्या कांडांतील अर्थ मृतावर रचलेला उंचवटा असा आहे. परंतु या कशासही समाधि म्हणत नाहींत. मराठींत तो शब्द संन्याशापासून निघून साधुसंतांकडे, तेथून राजे व वीर यांच्याकडे गेला, आणि या प्रवासांत 'आंत देह आहे' हा अर्थ वाटेंत गळून पडला. शिवाजी महाराजांची रायगडावरील समाधि घ्या. महाराजांच्या देहास अग्निसंस्कार झाला. तरी ती समाधिच. थोरले बाजीरावसाहेब १७४० त नर्मदातीरीं रावेरखेडीस वारले, त्यांचेंही दहन तेथेंच झालें. तेथील बांधकामास आपण समाधिच म्हणतों. मराठी मनुष्यास समाधि म्हटली कीं खालीं शरीर असलेंच पाहिजे असें वाटत नाहीं. तें स्मरणाचें व मानाचें स्थान होय. गांवोगांवचे वीरगळ तर केवळ उभे दगड. त्यांखालीं कोणी खणून पाहत नाहीं.

इंग्रजाची समजूत याच्या उलट. त्याच्या भाषेंत थडग्यास जो शब्द आहे त्यांत देह गृहीत आहे; देह नसला तर तो निराळा शब्द वापरतो व तसें दगडावर कोरवितो. मराठी माणसानें 'ही इष्टूर फाकड्याची समाधि' म्हणून सांगितलें, इंग्रजी लिहिणारानें त्याचें थडगें केलें, आणि पुढें मराठी लेखकानें इंग्रजी पुस्तकावरून मराठींत आणतांना 'त्यास येथें पुरलें' असें लिहिलें. शब्द एका भाषेंतून दुसरींत जाऊन परत आला तो अंगावर नवीन अर्थ घेऊन आला. आपलाच शब्द आपण परकीय अर्थानें स्वीकारावा, हा प्रकार एवढ्या एकाच ठिकाणीं घडला असता तर लेखणी हातीं धरली नसती. ताम्रपट व शिलालेखांच्या भाषांतरांतही तो पदोपदीं आढळतो.

समाधि या शब्दाचा मराठी अर्थ धरला म्हणजे कार्लें व वडगांव यांमधील विरोध नाहींसा होतो. स्टुअर्ट कार्ल्यास पडला, त्याचा देह त्याच प्रदेशांत कोठें तरी खुणेवांचून मातीस मिळाला. आणि मोहिमेची आठवण जेथें लोकांच्या मनांत घट्ट रुतली त्या वडगांवास त्याच्या नांवाचा मान राहिला. संबंध मोहिमेचा शेवट तेथें झाला. मराठ्यांच्या जयाची जागा ती. तेव्हां पडलेल्या शत्रूंतील जो शूर म्हणून नांवाजला होता त्याचें स्मरणही तेथेंच चिकटावें यांत नवल नाहीं. दगडाखालीं कोणी आहे कीं नाहीं हा प्रश्न यानें सुटत नाहीं हें खरें. ता. १२ ते १४ च्या झटापटींत वडगांवच्या आसपास जे गोरे पडले त्यांपैकीं कोणी तेथें असूं शकेल. पण तो कोणी असला तरी त्यावरून स्टुअर्ट तेथें पुरला असें निघत नाहीं.

आतां नांवाकडे वळूं. कारण या प्रकरणांतील सर्वांत बळकट पुरावा नांव हाच आहे. 'इष्टूर' हें रूप शुद्ध मराठी कानाचें आहे. आरंभीं जोडाक्षर आलें म्हणजे त्यापुढें 'इ' लावून तें सोपें करण्याची खोड प्राकृतापासूनची : 'स्त्री'चें 'इत्थी' झालें तें असेंच. पुढें 'ट' आला म्हणजे मागील सकाराचा षकार होणें हें पाणिनीच्या नियमास धरून. त्यामुळेंच 'मिष्टर' व 'अल्पिष्टन' हीं रूपें आपल्या कागदांत येतात. सारांश, हें नांव पुस्तकांतून खेड्यांत गेलेलें नव्हे. तें ऐकणारांनीं घडविलेलें, म्हणून समकालीन तोंडचें. 'फाकडा' हें विशेषण त्या काळीं छातीच्या व ऐटीच्या शिपायास लावीत. कोन्हेर त्रिंबक एकबोटे व मानाजी शिंदे हे पेशवाईंतले दोघे त्याच उपपदानें प्रसिद्ध आहेत. शत्रूकडील मनुष्यास तीच पदवी द्यावी ही गोष्ट लहान नाहीं. 'साडेतीन फाकडे' अशी जी गणना सांगतात तिजवर मात्र फार भार घालूं नये. साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठें, साडेतीन शहाणे असा सांचा आपल्याकडे तयार असतो, व त्यांत नांवें मागाहून भरलीं जातात. सांच्यावरून इतिहास काढणें हा उलटा मार्ग होय.

ग्रांट डफ यांनीं आपल्या १८२६ सालच्या ग्रंथांत स्टुअर्टाच्या मृत्यूची तारीख देऊन मराठ्यांत त्याचें नांव अद्याप फाकडा या पदवीसह गौरवानें घेतलें जातें असें नमूद केलें आहे. त्यांच्या ग्रंथाचे दोष आमच्या विद्वानांनीं पुष्कळ दाखविले आहेत, व ते बहुतांशीं खरे आहेत. परंतु या ठिकाणीं त्यांस श्रेय दिलें पाहिजे. १८१८ नंतर ते साताऱ्यास असतां तळेगांवची मोहीम पाहिलेलीं माणसें हयात असणें शक्य होतें. घटनेस चाळीस वर्षें झालीं होतीं. म्हणजे त्यांनीं टिपलेलें नांव हें प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या किंवा त्यांच्या मुलांच्या तोंडचें. उलट, झाडावर चढून मराठ्यांची हालचाल न्याहाळीत असतां तो गोळ्यास बळी पडला, ही जी गोष्ट सांगतात ती त्या पंक्तीस बसविण्याची घाई करूं नये. ती खोटी असेल असें नाहीं. पण वीराच्या मृत्यूस असें एखादें चित्र जोडण्याची जनमनास संवय असते, हें ध्यानांत ठेवावें. आणखी एक गोष्ट. लेफ्टनंट कर्नल के हा हुद्द्यानें स्टुअर्टाहून मोठा, त्याच मोहिमेंत, चारच दिवस आधीं कामास आला. त्याचें नांव मावळांत कोणाच्या तोंडीं आहे? परंपरा हुद्दा पाहत नाहीं, पराक्रम पाहते. म्हणूनच ती मान कोणास दिला हें बिनचूक सांगते. देह कोठें पडला हें सांगण्याची तिला गरज नसते.

नांव अशा रीतीनें जागा बदलतें याचें दुसरें उदाहरण सुरतेजवळच आहे. टॉम कोर्‍याट हा विक्षिप्त इंग्रज प्रवासी पायीं चालत हिंदुस्थानांत आला व १६१७ च्या डिसेंबरांत सुरतेस वारला. सर टॉमस रो याचा पाद्री टेरी लिहितो कीं, स्वदेशींच्या देवालयांच्या आवारांत असतें तसें लहानसें थडगें त्यावर होतें. पुढें १६२७ त टॉमस हर्बर्ट यानें सुवाळीस मेलेल्या इराणी वकिलाच्या दफनाची हकीकत देतांना जवळच असलेल्या कोर्‍याटच्या थडग्याची खूण सांगितली, ती दोन साध्या दगडांची. आणि आज त्याचें म्हणून काय दाखवितात? सुवाळीच्या उत्तरेस राजगरीजवळ खांबांवर उभारलेली घुमटाची छत्री! दोन दगड नाहींसे झाले, नांव बेवारस राहिलें, तेव्हां त्यानें जवळपासचें सर्वांत ठळक बांधकाम गांठलें, असेंच येथें मानावें लागतें. टेरी व हर्बर्ट यांचे लेख नसते, तर त्या छत्रीविषयीं शंका घेणारास आपण अश्रद्ध म्हटलें असतें.

याच्या उलट उदाहरण घोडनदीचें. शिरूरच्या छावणींत कर्नल विल्यम वॉलेस १८०९ सालीं वारला. त्याचें थडगें, त्यावरील व्यक्ति व वर्ष, सर्व निश्चित आहे. त्यासही लोकांनीं सोडलें नाहीं. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत लिहिलें आहे कीं, ब्राह्मण व मारवाडी वगळून शिरूरचे बाकीचे हिंदु त्यास 'सत्पुरुष' म्हणून भजत, व सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य तेथें आणीत. येथें देह निश्चित आणि लोकांच्या तोंडचें नांव बदललेलें. वडगांवास नांव निश्चित आणि देह अनिश्चित. दोन्हीं ठिकाणीं भक्ति सारखीच आहे. यावरून भक्तीचा आणि खालच्या हाडांचा कांहीं संबंध नाहीं हें उघड होतें. आणि 'लोक इतक्या श्रद्धेनें नमस्कार करितात, तेव्हां तो तेथेंच असला पाहिजे' हा जो युक्तिवाद ऐकूं येतो, त्यांतील हवा निघून जाते.

आमच्या या मतावर एक आक्षेप येईल तो आधींच घेतों. कोणी म्हणेल, तुम्हीं शब्दाच्या अर्थावर इमारत उभारिली. गांवकरी पंडित नव्हेत. ते समाधि म्हणतात तेव्हां त्यांच्या मनांत पुरलेला गोराच असतो. आज असेल, कारण पुस्तकांतील वाक्य शाळेमार्फत गांवांत परत गेलें आहे, आणि आम्ही मास्तर लोकच तें पोहोंचविणारे. परंतु जुना शब्द टिकून आहे. गोऱ्याचें आहे म्हणून त्यास थडगें किंवा कबर म्हणावें, हें मराठींत अगदीं सहज होतें. शिद्दी, मोगल, फिरंगी यांच्यासाठीं तेच शब्द चालतात. ते न वापरतां वीराचा व साधूचा शब्द वापरला गेला, हें केवळ बोलण्याच्या भरांत झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

शेवटीं मोडी कागदांच्या संग्राहकांस एक सूचना. शके १७०० च्या पौष-माघांतील पत्रें, विशेषतः मावळांतील देशमुख-देशपांडे, लोहगड व राजमाचीकडील अंमलदार आणि तळेगांवच्या लढाईंत असलेले सरदार यांच्या दप्तरांतील, पुन्हा एकदां या दृष्टीनें चाळावीं. 'इष्टूर' हें नांव दिसलें कीं हर्ष मानण्यापूर्वीं मिति पहावी. कारण या मोहिमेंत स्टुअर्ट दोन होते. वडगांवचा तह पाळला जाईल याबद्दल इंग्रजांनीं जे दोन ओलीस महादजी शिंद्यांच्या हवालीं केले, त्यांत एक फार्मर व दुसरा लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट हा होता. पौष वद्य चतुर्दशीच्या सुमारास व त्यानंतरच्या कागदांत जो इष्टूर जेवतो, खर्चास मागतो, किंवा शिंद्यांच्या छावणीबरोबर चालतो, तो हा ओलीस होय, फाकडा नव्हे. तो तोंवर कार्ल्याच्या बाजूस मातीआड होऊन बारा दिवस झाले होते. या एका नांवाच्या दोघांचें मिश्रण झालें, तर स्टुअर्ट वडगांवास जिवंत होता, तेथें जखमी होऊन मेला, अशी नवीनच कथा जन्मास यावयाची. पौष वद्य द्वितीया-तृतीयेच्या आसपासच्या एखाद्या जासुदाच्या बातमींत 'इष्टूर ठार झाला, त्यास अमक्या ठिकाणीं माती दिली' असे चार शब्द सांपडले, तर वरील सर्व विवेचनाहून त्यांची किंमत अधिक. ते कार्ल्याचें नांव घेवोत कीं वडगांवाचें, असा कागद ज्याच्या रुमालांत असेल त्यानें तो मूळ शिरोलेख, मिति व पाठीवरील शेऱ्यासह जसाचा तसा छापण्यास द्यावा.